बागेचा मुखत्यार

रत्नागिरी, देवगड, दापोली या बाजूच्या कित्येक घरांतून एकच चित्र दिसतें. बहुतेक मंडळी मुंबई-पुण्यास, एखाददुसरा परदेशांत. गांवीं एकटे काका राहतात आणि स्वतःच्या कलमांबरोबर दूर राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या बागांचीही निगा ठरावीक मोबदला घेऊन राखतात. छाटणी, खत, फवारणी, राखण, उतरवणी, सारें त्यांच्याच अंगावर. धंदा चांगला आहे, मानाचाही आहे. परंतु त्याचीं सर्व सूत्रें एकाच सहीवर लोंबत आहेत, ही गोष्ट ती सही करणारा हात अंथरुणाला खिळेपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

झाडें तर कोणाच्या दुखण्यासाठीं थांबत नाहींत. हापुसाच्या कलमांना पॅक्लोब्युट्राझोल द्यावयाचें तें जुलै-ऑगस्टांत; पाऊस सरून पालवी जून होते न होते तोंच मोहोराची चाहूल लागते, आणि मोहोरावर तुडतुडा किंवा भुरी पडली कीं आठ दिवसांची दिरंगाईही भोवते. औषधांचीं बिलें चुकतीं करणें, मजुरीचे पैसे बँकेंतून काढणें, व्यापाऱ्याशीं करार करणें, एखादा गडी झाडावरून पडला तर विम्याचे कागद पाठविणें, हें सगळें मालकाच्या नांवानें करावयाचें असतें. मालक इस्पितळांत असला तर तें करणार कोण? पुतण्या कर्तबगार असेल, सूनबाई हिशेब चोख ठेवीत असतील. पण बँकेच्या खिडकीपाशीं नातें चालत नाहीं, अधिकारपत्र चालतें.

हें अधिकारपत्र म्हणजेच मुखत्यारपत्र. ‘कुलमुखत्यार’ या शब्दांतील कुल हें आपलें घराण्याचें कुळ नव्हे, बरें का! तें अरबी ‘कुल्ल’, म्हणजे सर्व. आणि मुखत्यार म्हणजे निवडलेला. तरी पुष्कळ वडीलधारी मंडळी ‘घरचाच मुलगा, त्याला काय कलमें घालून लिहावयाचें?’ असें म्हणून छापील कुलमुखत्यारपत्रावर सही करून मोकळी होतात. आम्हांस ही उदारता पसंत नाहीं. धंद्यापुरतें खास मुखत्यारपत्र करावें. कोणत्या बँकेंतील कोणतें खातें, किती रकमेपर्यंत उचल, कोणत्या बागांचे करार आणि किती मुदतीचे, हें त्यांत नांवनिशीवार लिहावें. कर्ज काढण्याचा व जमीन विकण्याचा अधिकार दिलेला नाहीं, हेंही स्पष्ट नमूद करावें. न्यायालयें असे कागद काटेकोरपणें वाचतात. जें लिहिलें नाहीं तें दिलें नाहीं, असेंच धरून चालावें.

झाडांच्या बाबतींत आणखी एक मेख आहे. आंबा व फणस हीं दोन्ही महाराष्ट्रांतील १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादींत आहेत. जुनें कलम काढावयाचें तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणून छाटणीचा अधिकार निराळा आणि तोडीसाठीं अर्ज करण्याचा निराळा लिहावा. शेजाऱ्याच्या बागेंत तर काका स्वतःच त्या शेजाऱ्याचे मुखत्यार असतात. मुखत्याराला आपलें काम परभारें दुसऱ्याच्या गळ्यांत घालतां येत नाहीं. मूळ कागदांत तशी मुभा असेल तरच तें पुतण्याकडे जाईल. तेव्हां ही मुभा शेजाऱ्याकडून आधींच लिहून घेतलेली बरी.

आतां मुख्य गोष्ट. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें, मुखत्यारपत्र देणारा मृत्यू पावला किंवा त्याची समज गेली कीं मुखत्यारी संपते. अर्धांगानें हात गेला, पण बुद्धि शाबूत आहे, तर कागद जिवंत. त्याच दुखण्यांत बुद्धि गेली तर कागदही गेला. म्हणजे ज्या दिवशीं गरज सर्वांत मोठी, त्याच दिवशीं तो निकामी! इंग्लंडांत १९८५ च्या कायद्यानें, व पुढें २००५ च्या कायद्यानें, समज गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारीची सोय झाली. आपल्याकडे तशी सर्वसाधारण सोय नाहीं. बेशुद्धावस्थेंतील रुग्णासाठीं पालक नेमण्याविषयीं केरळ उच्च न्यायालयानें २०१९ मध्यें मार्गदर्शक तत्त्वें घालून दिलीं खरीं. पण न्यायालयाची पायरी चढावीच लागते, आणि मोहोर कांहीं तारखेची वाट पाहत नाहीं.

यास्तव धंद्याचा सारा भार मुखत्यारपत्रावर टाकूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. काका धडधाकट आहेत तोंवरच पुतण्याला किंवा सुनेला धंद्यांत रीतसर भागीदार करून घ्यावें आणि बँकेंतील खातें पेढीच्या नांवानें, कोणाही एका भागीदाराच्या सहीनें चालेल असें उघडावें. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणें एका भागीदाराची समज गेली एवढ्यानेंच पेढी मोडत नाहीं. मोडावयाची तर न्यायालयाकडे जावें लागतें. मृत्यूनें मात्र ती मोडते. परंतु करारांत उलट लिहून ठेवलें असेल आणि मागें निदान दोन भागीदार उरले असतील तर ती चालूं राहते. जमीन या पेढींत आणण्याचें कारण नाहीं. ती घराण्याच्या नांवानें आहे तशीच असूं द्यावी.

मुखत्यार बदलावयाचा झाल्यास नुसता कागद फाडून भागत नाहीं. जुन्या मुखत्याराला, बँकेला आणि ज्यांच्याशीं तो व्यवहार करी त्या व्यापाऱ्यांना लेखी कळवावें; त्यांना कळेपर्यंत त्यांचे व्यवहार आपल्याला बांधतात. मुखत्याराकडून दस्त नोंदवून घ्यावयाचा असेल तर मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकापुढें प्रमाणित केलेलें लागतें. आजारी वृद्धाला कचेरींत नेण्याची यातायात करूं नये. १९०८ च्या नोंदणी कायद्यांत निबंधकानें घरीं येण्याची तरतूद आहे. परदेशांतील भावानें आपली सही तेथील भारतीय वकिलातींत किंवा नोटरीपुढें करावी. तो कागद महाराष्ट्रांत आल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक शुल्क भरावें लागतें. तेव्हां पाकीट हातीं पडतांच त्यावर तारीख टिपावी आणि तें देवघराच्या फडताळांत जाऊं न देतां सरळ वकिलांकडे धाडावें.