शाकाहारी ताटातले बी-१२

बी-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही. पालेभाजी, ज्वारी, तूर, शेंगदाणे, आवळा यांपैकी कशावरही त्यासाठी विसंबता येत नाही. शाकाहारी माणसाने प्रकृतीसाठी पुन्हा मांस-मासे खावेत का, या प्रश्नाला वैद्यकीय वजन आहे ते मुख्यतः या एका रेणूमुळे. प्रथिने आणि लोह यांचीही चर्चा होते, पण त्यांची सोय भाकरी, वरण आणि उसळीच्या ताटात लावता येते. बी-१२ची सोय मुद्दाम पाहावी लागते, आणि ती पाहिली जात नाही, हे पुण्यात मोजून सिद्ध झाले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील अशा एकूण ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारींना उणिवेचा धोका ४.४ पट होता.

या आकड्यांवरून ‘मग मांस खा’ असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. पण त्यांना दुसरी बाजूही आहे. २०१४च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी होते. दोन पाहण्यांतील माणसे वेगळी असल्याने आकडे एकमेकांतून वजा करता येत नाहीत, तरीही उणीव शाकाहारी घरांपुरती थांबत नाही एवढे कळते. मांसाहारी म्हणवणाऱ्या अनेक मराठी घरांत मटण आठवड्यातून एकदा, तेही रश्शासोबत दोन-तीन फोडी इतकेच वाट्याला येते. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि पुढे अख्खा श्रावण पाळला की वर्षातले किती दिवस उरतात, हे ज्याने त्याने मोजावे. शिवाय अलीकडे मटणाची जागा ज्या कोंबडीने घेतली, तिच्या १०० ग्रॅम मांसात बी-१२ जेमतेम ०.३ मायक्रोग्रॅम असते. मटणात तेवढ्याच वजनाला दोन ते तीन मायक्रोग्रॅम, बांगड्याच्या जातीच्या माशांत त्याहून कितीतरी जास्त आणि कलेजीत सर्वांत जास्त.

मुळात शेळी, मेंढी किंवा कोंबडी हे जीवनसत्त्व बनवतच नाही. ते बनवतात फक्त जिवाणू आणि त्यांच्यासारखेच काही एकपेशीय सूक्ष्मजीव. गाय, म्हैस, शेळी यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात कोट्यवधी जिवाणू चाऱ्यावर काम करत असतात. चाऱ्यातून आलेला कोबाल्ट वापरून ते बी-१२ घडवतात, पुढच्या आतड्यात ते रक्तात शोषले जाते आणि जनावराच्या यकृतात, स्नायूंत व दुधात साठते. मांस हे या साठ्याचे कोठार आहे, कारखाना नव्हे. माणसाच्या मोठ्या आतड्यातही असे जिवाणू आहेत. दुर्दैव असे की बी-१२ शोषणारा भाग लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी, म्हणजे या जिवाणूंच्या आधीच येतो. तयार माल शरीराला न लागता बाहेर जातो.

कोबाल्टभोवती गुंफलेला हा रेणू जीवनसत्त्वांमध्ये रचनेने सर्वांत गुंतागुंतीचा आहे. तो १९४८ साली शुद्ध रूपात वेगळा झाला. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना १९५६ मध्ये उलगडणाऱ्या डोरोथी हॉजकिन यांना १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी १९२६ मध्ये जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी जीवघेण्या रक्तक्षयाच्या रुग्णांना भरपूर यकृत खायला घालून बरे केले होते. यकृतात नेमके काय आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आज औषध म्हणून मिळणारे बी-१२ जिवाणूंना मोठ्या टाक्यांत वाढवून काढतात. त्यात प्राण्याचा संबंध नसतो. शाकाहार हे ज्यांचे व्रत आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यांच्यासाठी ही माहिती मोलाची आहे. कॅप्सूलचे आवरण मात्र अनेकदा प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. अशा वेळी गोळी मागून घ्यावी.

शरीराची रोजची गरज अगदी थोडी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी २.२ मायक्रोग्रॅमची शिफारस केली. शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते पाच मिलिग्रॅमचा, म्हणजे काही वर्षे पुरेल इतका साठा असू शकतो. म्हणून मांसाहार सोडणाऱ्याला पहिली दोन-तीन वर्षे काहीच जाणवत नाही आणि ‘मला काही फरक पडला नाही’ असा विश्वास पक्का होतो. जन्मापासून शाकाहारी असलेल्या, त्यातही उणीव असलेल्या आईच्या पोटी आलेल्या बाळाजवळ असा साठाच नसतो.

बी-१२ पेशींत दोन कामे करते. एक काम फॉलिक अ‍ॅसिडच्या जोडीने होते. त्यात होमोसिस्टीन या घटकाचे रूपांतर होते आणि नव्या पेशींसाठी लागणारा डीएनए बनायला मदत होते. हे अडले की तांबड्या पेशी आकाराने फुगतात, संख्येने घटतात. दुसरे काम काही मेदाम्लांच्या विघटनाचे. बी-१२ कमी पडले की मज्जातंतूंवरचे आवरणही खराब होते. तळपायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, विसरभोळेपणा वाढतो. या तक्रारी वयाच्या किंवा ‘अशक्तपणा’च्या नावावर खपून जातात, म्हणून त्या अधिक धोक्याच्या.

शाकाहारी आहारातली एक चांगली गोष्ट येथे उलटते. मेथी, पालक, चवळी, हरभरा यांतून फॉलिक अ‍ॅसिडच्या कुळातला फोलेट भरपूर मिळतो. तो पुरेसा असला की रक्तपेशी बऱ्यापैकी ठीक दिसतात. हिमोग्लोबिनचा अहवाल समाधानकारक येतो, आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हिमोग्लोबिन चांगले म्हणजे बी-१२ चांगले असे समजू नये. बी-१२ची तपासणी वेगळी करावी लागते, आणि गरज पडल्यास सोबत होमोसिस्टीनचीही.

शाकाहारी घरात बी-१२ येण्याचा खरा मार्ग दुधाचा. १०० मिलिलिटर दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम असते. तीन कप चहात मिळून दीडशे मिलिलिटर दूध गेले, तर हिशेब ०.६ वर थांबतो, आणि पुन्हा पुन्हा उकळण्याने त्यातलेही घटते. दूध-दही मिळून अर्धा लिटर रोज घेणाऱ्याची गरज बरीचशी भागते. पाणी घालून केलेल्या ताकात किंवा तुपात ती भागत नाही. स्पिरुलिना या शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूच्या भुकटीत बी-१२ असल्याची जाहिरात होते, पण त्यातला बहुतांश रेणू दिसायला सारखा आणि माणसाच्या शरीरात निकामी असतो. इडली-ढोकळ्याच्या आंबवण्यावरही भरवसा ठेवता येत नाही. रेशनच्या पोषणयुक्त तांदळात किलोमागे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम घालण्याचा निकष आहे. दिवसाला पाव किलो तांदूळ खाल्ला, तरी गरजेचा फार तर सातवा हिस्सा हाती येतो.

गोळीचे गणित थोडे वेगळे. जठरात पाझरणाऱ्या एका प्रथिनाला चिकटूनच बी-१२ आतड्यात शोषले जाते आणि हा मार्ग एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमनंतर भरून जातो. मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्का मात्र या मार्गाशिवाय थेट झिरपतो. म्हणून हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहा-एक मायक्रोग्रॅम मिळतात. जठरातले आम्ल कमी झालेले वृद्ध, आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे यांना अन्नातले बी-१२ नीट मिळत नाही, मग ताटात मटण असो वा वांगे. त्यांना पुन्हा मांस खायला सांगणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि उपचार दुसरीकडे.

लोहाच्या बाबतीत मांसाचे पारडे जड आहे, हे मान्य करायला हवे. मांसातले लोह वनस्पतींतल्या लोहापेक्षा बरेच सहज शोषले जाते. जेवणावर लिंबू पिळणे, मोड आलेली कडधान्ये खाणे, जेवणालगत चहा टाळणे यांनी वनस्पतींतले लोह अधिक अंगी लागते. तरीही महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. त्यात मांसाहारी घरांतल्या स्त्रियाही आल्याच, आणि मटण शिजले तरी पहिल्या फोडी कोणाच्या पानात पडतात हा प्रश्न आहारशास्त्रापलीकडचा आहे. प्रथिनांसाठी तृणधान्य व डाळ यांची जोडी पुरेशी आहे, फक्त वरण पातळ नको. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी चांगली, पण माशांत मिळणाऱ्या प्रकारात तिचे रूपांतर शरीरात थोडेच होते.

मांसाहाराच्या बाजूचा आणि विरोधातला मोठा पुरावा ब्रिटनमधून आला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘एपिक-ऑक्सफर्ड’ अभ्यासात सुमारे ४८ हजार माणसांची १८ वर्षे नोंद ठेवली गेली. २०१९ च्या निष्कर्षानुसार शाकाहारींमध्ये हृदयविकार २२ टक्के कमी आणि पक्षाघात २० टक्के जास्त होता. टक्केवारी भीतिदायक वाटते. हजार माणसांमागे दहा वर्षांत पाहिले, तर हृदयविकाराचे दहा रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे तीन जास्त. २०२० मध्ये त्याच अभ्यासात शाकाहारींमध्ये खुब्याच्या हाडाचे फ्रॅक्चर २५ टक्के जास्त आढळले. दूधही वर्ज्य करणाऱ्यांत ते दुपटीहून अधिक होते. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस निश्चित कर्करोगकारक आणि लाल मांस संभाव्य कर्करोगकारक ठरवले. सॉसेज, सलामीचे रोज ५० ग्रॅम सेवन आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढवते. एकूण पाहता, दूध घेणाऱ्या आणि बी-१२ची सोय केलेल्या शाकाहारी माणसाला प्रकृतीसाठी मांसाकडे वळावे लागेल, असे हा पुरावा सांगत नाही. ज्याला मासे किंवा अंडी चालतात, त्याने ती जरूर खावीत. फक्त अंड्यातले बी-१२ शरीर फार थोडे शोषते, हे लक्षात ठेवावे.

सर्वांत तातडीचा प्रश्न गर्भवती स्त्रियांचा आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात ६० टक्क्यांहून अधिक मातांमध्ये बी-१२ कमी निघाले. ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर पण बी-१२ अपुरे होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी प्रवृत्ती अधिक दिसली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भारपणात लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या नेमाने दिल्या जातात. बी-१२ त्यांच्या जोडीला नसते.

ती मुले मोठी झाल्यावर, २०१२ मध्ये, त्यांच्यावरच पुढचा प्रयोग सुरू झाला. किशोरवयातच, अपत्यप्राप्तीच्या कितीतरी आधीपासून, त्यांतल्या काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ दिले गेले. ही मात्रा औषधाची नव्हे, आहारातल्या गरजेएवढीच होती. त्यांतल्या मुलींना पुढे झालेली बाळे दोन वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा बी-१२ मिळालेल्या मातांची बाळे विकासाच्या काही चाचण्यांत उजवी ठरली.