'दुष्काळात तेरावा महिना' इंग्रजीत कसं म्हणाल? वाक्प्रचारांची यादी पाठ करण्याआधी हे वाचा

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत बसून एमपीएससीच्या गट-ब, गट-क संयुक्त परीक्षेची तयारी करा किंवा पुण्यात, इंग्रजी वाक्प्रचार चुकत नाहीत. मुख्य परीक्षेच्या पहिल्या पेपरमध्ये मराठी म्हणी-वाक्प्रचार आहेत, तसेच इंग्रजी 'इडियम्स अँड फ्रेजेस'ही आहेत. अभ्यासक्रमात दोन्हीकडे अर्थासोबत 'उपयोग' हा शब्द आहे. गोम तिथेच आहे. यादी पाठ होते, पण वाक्य करायची वेळ आली की गाडी अडते.

मग करायचं काय? इंग्रजी वाक्प्रचाराला शब्दशः अर्थ जोडू नका, त्याच प्रसंगी आपण वापरतो तो मराठी वाक्प्रचार जोडा. 'पीस ऑफ केक' म्हणजे केकचा तुकडा नव्हे, डाव्या हाताचा मळ. 'धिस सम इज अ पीस ऑफ केक', म्हणजे हे गणित एकदम सोपं आहे.

आता शीर्षकातला प्रश्न. संकटावर संकट आलं की इंग्रज म्हणतो, 'इट नेव्हर रेन्स बट इट पोर्स'. आपण म्हणतो, दुष्काळात तेरावा महिना. त्याचं संकट पावसाचं, आपलं पाऊस नसण्याचं! तेरावा महिना म्हणजे अधिक मास, आधीच टंचाई आणि त्यात आणखी एक महिना काढायचा. गंमत म्हणजे 2023 मध्ये श्रावण अधिक होता आणि त्याच महिन्यात, 22 जुलैला, महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला. त्या वर्षी आपल्याकडे इंग्रजी वाक्प्रचारच जास्त लागू पडला. वाक्य असं करा: 'सोयाबीन प्रायसेस फेल, देन द पंप बर्न्ट आउट. इट नेव्हर रेन्स बट इट पोर्स.'

'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे क्वचित. 'आय गो टू नागपूर वन्स इन अ ब्लू मून.' एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये 1 आणि 31 तारखेला तसं झालं होतं. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा असतो. त्यामुळे ब्लू मून आणि अधिक मास, दोन्ही साधारण पावणेतीन वर्षांनी येतात. दोन्हींमागचं गणित जवळचं आहे, लक्षात ठेवायला बरं.

काळ बदलला की क्रियापद बदलतं, बाकी शब्द हलत नाहीत. गुपित फोडणे म्हणजे 'स्पिल द बीन्स', भूतकाळात 'स्पिल्ड द बीन्स'. बीन्सच्या जागी वाटाणे चालत नाहीत, जसं पाचावर धारण बसते, सहावर नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सूर न ओळखल्याने. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' पुस्तकात भरपूर दिसतं, बोलताना जुनाट वाटतं. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, हे यादीत बरोबरच असतं, पण त्याचा सूर आपल्या 'गचकला'सारखा आहे. आजोबा वारल्याच्या रजेच्या अर्जात 'माय ग्रँडफादर पास्ड अवे' एवढंच लिहा.