चक्करची गोळी खडे हलवत नाही

भारतातून न्यू जर्सीला किंवा डॅलसला मुलांकडे आलेल्या आईबाबांच्या बॅगेत बीपीच्या औषधांशेजारी एक पट्टी हमखास असते, ‘चक्करची गोळी’. कूस बदलताना खोली फिरते, आई घाबरते, मुलगा तिकडच्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप करतो आणि उत्तर येतं: गोळी द्या, दोन दिवस पडून राहू द्या. मग दोन दिवसांचे दोन महिने होतात. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता गप्प बसवत नाही.

उशीला डोकं टेकताना, कूस बदलताना, वरच्या कपाटातला डबा काढताना काही सेकंद गरगरतं आणि थांबतं, ती चक्कर बहुतेक वेळा कानाची असते. आपल्या आंतरकर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले, की डोकं हलताच नळीतला द्रव ढवळला जातो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. याला बीपीपीव्ही म्हणतात. नळीत शिरलेला खडा गोळीने बाहेर कसा येईल? गोळी फक्त ती जाणीव बोथट करते. खडे बरेचदा काही आठवड्यांत आपोआप जागेवर जातात आणि श्रेय मात्र गोळीला मिळतं.

खडे परत जागेवर नेण्याची रीत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या डॉ. जॉन एप्ली यांनी शोधली. सुरुवातीला त्यांच्याच व्यवसायातल्या अनेकांनी ती हसण्यावारी नेली. त्यांचा शोधनिबंध अखेर १९९२ साली छापून आला. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार ही रीत, म्हणजे ‘एप्ली’, न केलेल्या रुग्णांपैकी सुमारे २१ टक्क्यांची चक्कर पूर्ण थांबली, तर एप्ली केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांची. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं, की बीपीपीव्हीला चक्कर दाबणारी औषधं सरसकट देऊ नयेत आणि एमआरआयही सरसकट काढू नये.

एप्लीची रीत अशी: दोष उजव्या कानात असेल तर पलंगावर पाय लांब करून बसायचं, मान उजवीकडे ४५ अंश वळवायची आणि झटकन मागे आडवं व्हायचं. उशी खांद्यांखाली, डोकं किंचित खाली झुकलेलं. गरगरेल, पण अर्धा ते एक मिनिट थांबायचं. मग डोकं ९० अंश डावीकडे, पुन्हा तेवढंच थांबायचं. मग डाव्या कुशीवर वळून नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं आणि सावकाश उठून बसायचं. कोणता कान, हे आधी डॉक्टरांकडून किंवा चक्करवर काम करणाऱ्या फिजिकल थेरपिस्टकडून तपासून घ्या आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोरच करा. मानेचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं दुखणं असेल तर स्वतःहून करूच नका.

गोळी निरुपद्रवी असती तर मी एवढा चिडलो नसतो. इथे दुकानात सहज मिळणाऱ्या मेक्लिझिनने गुंगी येते, आणि साठी-सत्तरीत गुंगी म्हणजे रात्री बाथरूमला जाताना पडणं. भारतातून येणारी सिनारिझिन अमेरिकेत मंजूरच नाही. ती महिनोन्‌महिने घेतली तर हात कापणं, चाल मंदावणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू शकतात.

डॉक्टरांसमोर नुसतं ‘डिझी’ म्हणू नका. इंग्रजीच्या त्या एका शब्दासाठी आपल्याकडे तीन आहेत: गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोल जाणं. तिन्हींची कारणं वेगळी. उठताना अंधारी येत असेल तर झोपून आणि मग उभं राहून तीन मिनिटांत बीपी मोजा. वरचा आकडा २० ने उतरला तर बीपीच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांना दाखवा. पाणी कमी पडत असेल तर प्या, उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा. पण बीपीच्या रुग्णाला विचार न करता मिठाचं लिंबू सरबत पाजू नका.

‘मणक्यामुळे चक्कर’ म्हणून गळ्यात पट्टा बांधण्याआधी कान तपासून घ्या. आल्याने आणि मनगटावरच्या दाबाने मळमळ कमी होऊ शकते, खडे हलत नाहीत. गिंको हे वनस्पतिजन्य औषध रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका. ताई ची या संथ चिनी व्यायामाने तोल सुधारतो, पडणं कमी होतं, हे मात्र चांगलं सिद्ध झालेलं आहे. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढल्याने बीपीपीव्ही उलटण्याचं प्रमाण घटतं, असं २०२० च्या कोरियातल्या अभ्यासात दिसलं.

आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एक वस्तू दोन दिसू लागली, तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, आयुष्यात कधी नव्हे एवढं डोकं दुखलं किंवा उभंच राहता येईना, तर एप्ली नको, गोळी नको, थेट ९११. ‘आईचा इन्शुरन्स व्हिजिटरचा आहे’ म्हणून सकाळपर्यंत थांबलेली घरं मला माहीत आहेत. १९८६ च्या कायद्यानुसार जवळपास प्रत्येक हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला पैशांची ऐपत न पाहता रुग्ण तपासावा आणि स्थिर करावा लागतो. आईला इंग्रजी येत नसेल तर मराठी दुभाषा मागा, तो मोफत मिळतो. आणि लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून न्या, कारण पक्षाघाताचा उपचार त्या वेळेवरच ठरतो.