‘आता पुढे काय?’: शुश्रूषाशास्त्रातील मध्यम पल्ल्याचे सिद्धान्त

रुग्णाच्या खाटेशी बसणाऱ्यास एक प्रश्न हटकून ऐकावा लागतो: ‘आता पुढे काय?’ या प्रश्नातील व्यथा शारीरिक वेदनेहून निराळी. शुश्रूषाशास्त्राने तिचा विचार कसा केला, ते आज पाहावयाचे आहे.

या शास्त्रात एका टोकाला वॉर्डातील नित्याचे नियम, तर दुसऱ्या टोकाला भव्य दर्शने. मार्था रॉजर्स यांनी १९७० मध्ये मनुष्य हा एक अखंड ऊर्जाक्षेत्र मानला. विचार मोठा खरा. पण रात्रपाळीच्या परिचारिकेने त्याचे करावे काय? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४९ मध्ये आपल्या शास्त्रातील अशाच अडचणीवर ‘मध्यम पल्ल्याचा सिद्धान्त’ सुचविला होता. विषय मर्यादित, संकल्पना मोजक्या आणि अनुभवाने पडताळता येतील अशा. परिचारिकांनी पुढे हाच मार्ग आपलासा केला.

अमेरिकन संशोधिका मर्ल मिशेल यांचा १९८८ चा सिद्धान्त आजारातील अनिश्चिततेविषयी आहे. अनिश्चितता म्हणजे आजारातील घटनांचा अर्थच न लागणे. ताप चढतो, उतरतो, औषध बदलते. मनात सुसंगत चित्र मात्र उमटत नाही. ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली मिशेलबाईंनी १९८१ मध्येच सिद्ध केली होती. विश्वासू वैद्य व परिचारिका, आप्तांचा आधार आणि समजेल अशी माहिती यांनी ती ओसरते. म्हणूनच ‘काळजी करू नका’ या पोकळ दिलाशाहून ‘उद्या सकाळी नळी काढू, क्षणभर दुखेल’ हे वाक्य अधिक उपकारक होय.

परंतु सिद्धान्ताचे मर्म पुढेच आहे. अनिश्चितता मुळात बरी वा वाईट नसते; रुग्ण तिला संकट मानतो किंवा संधी. निश्चित उत्तर जेथे भयंकर, तेथे अनिश्चितताच आशेला जागा देते. ती पुसून टाकण्याची घाई केली, तर रुग्णाचा आधारच हिरावला जातो. यातून असत्य बोलण्याची मुभा मिळते, असे मात्र मला वाटत नाही. न विचारता न सांगणे वेगळे आणि विचारल्यावर फसविणे वेगळे.

१९९० मध्ये मिशेलबाईंनी सिद्धान्तास मुरड घातली. दीर्घकालीन आजारात अनिश्चितता संपतच नाही. तिच्यासह जगताना काही रुग्ण जीवनाकडे शक्यतांच्या दृष्टीने पाहू लागतात. हा सिद्धान्त जाणणारी परिचारिका माहितीची पत्रके हाती देण्यापूर्वी खाटेशी थांबून विचारील: ‘तुम्हांला आतापर्यंत काय कळले आहे, आणि आणखी काय जाणून घ्यावेसे वाटते?’