परिव्रज्या : अनिश्चित प्रवास आणि निश्चित नियम

१

पर्जन्यकाळाच्या आरंभी देवगडच्या खाडीत होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, आणि परंपरेप्रमाणे नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर जाणे थांबते. याच सुमारास, आषाढी पौर्णिमेला, संन्यासी व्यासपूजा करून चातुर्मासाचा संकल्प करतो व आपले भ्रमण थांबवितो. दोन्ही विरामांचे मूळ कारण एकच, ते म्हणजे नैऋत्येचा पाऊस. विरामानंतरच्या प्रस्थानात मात्र मूलभूत अंतर आहे. खलाशी ज्या बंदरातून निघतो त्याच बंदरात परतण्यासाठी निघतो. संन्याशाच्या निघण्यात परतण्याचा हेतूच नसतो.

साधना अधिक खोल व्हावी म्हणून, परतीची तिथी न ठरविता स्वीकारलेल्या या प्रवासास परिव्रज्या म्हणतात. अशा प्रवासाविषयी एक समज रूढ आहे की, तो म्हणजे सर्व बंधनांतून मोकळे होऊन मन नेईल तिकडे जाणे होय. परंपरेचे स्वरूप पाहिले असता हा समज टिकत नाही. परिव्रज्येत गंतव्य अनिश्चित असते, नियम मात्र अत्यंत निश्चित असतात. किंबहुना गंतव्य अनिश्चित असल्यामुळेच नियम कडक करावे लागले. या विधानाचा विचार पुढे दक्षिण कोकणातील दोन चरित्रांच्या आधारे केला आहे.

२

प्रथम परिव्रज्येचे इतर धार्मिक प्रवासांपासून वेगळेपण पाहिले पाहिजे. देवगड तालुक्यातील कुणकेश्वराच्या यात्रेत महाशिवरात्रीच्या सुमारास गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रस्नानासाठी येतात आणि स्नान आटोपून आपापल्या गावी परततात. येथे स्थळ, तिथी आणि परतणे ही तिन्ही ठरलेली असतात. पंढरीच्या वारीचेही तसेच आहे. तीत व्रत आजन्म असते, परंतु प्रत्येक फेरी घरापासून घरापर्यंतची असते.

काशीरामेश्वराची यात्रा दीर्घ पल्ल्याची व पूर्वी जीवावरची होती. तथापि तिचाही शेवट घरीच होई. यात्रेकरू परतल्यावर ‘मावंदे’ घालून गंगापूजन करीत व आप्तेष्टांना भोजन देत. परतीच्या भोजनाला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, एवढ्यावरूनच या यात्रेत परतण्याला किती महत्त्व होते हे दिसून येते.

नर्मदेची परिक्रमा या दोहोंच्या मधली म्हणावी लागेल. नदी उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र न ओलांडता, चातुर्मासात थांबत ती पूर्ण करण्यास शिष्टसंमत काल तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस मानला जातो. येथे मुक्काम ठरलेले नसले तरी वर्तुळ ठरलेले असते. परिव्रज्येत वर्तुळही नसते आणि मावंदेही नसते. महानुभाव पंथाने अटनाला आचारधर्माचे अंग मानले ते याच अर्थाने. चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त ‘एकांक’ या स्वतंत्र भागात संगृहीत केलेल्या आहेत.

३

परिव्राजकाचे नियम मुख्यतः तीन बाबींसंबंधी आहेत : अन्न, निवास आणि विराम.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात यतीने दिवसातून एकदाच भिक्षा मागावी, आणि तीही घरातील धूर थांबल्यावर, मुसळाचा आवाज बंद झाल्यावर, निखारे विझल्यावर व माणसे जेवून उठल्यावर मागावी, असे सांगितले आहे. याचा अर्थ उघड आहे. त्याच्यासाठी कोणी मुद्दाम चूल पेटवू नये, आणि काय खावे हे त्याने ठरवू नये. माधुकरीची पद्धतही याच विचारातून आली. अनेक घरांतून थोडे थोडे घेतल्याने कोणत्याही एका घरावर भार पडत नाही व कोणत्याही एका घराशी लागाबांधाही जडत नाही.

निवासाविषयी, खेड्यात एक रात्र व नगरात पाच रात्री, हा नियम अनेक ग्रंथांत थोड्याफार फरकाने आढळतो. ओळख वाढली की आदर वाढतो आणि आदराबरोबर सोय येते. सोय ही साधनेला अडथळा मानलेली आहे. विरामाचा नियम याच्या उलट दिशेचा आहे. पावसाळ्यात फिरावयाचे नाही. हिरवे गवत व सूक्ष्म जीव पायाखाली तुडविले जातात हा आक्षेप बौद्धांच्या विनयपिटकात वर्षावासाच्या नियमाचे कारण म्हणून नोंदलेला आहे. जैन साधूंचा वर्षावास चार महिन्यांचा असतो. संन्याशाच्या बाबतीत पक्षालाच मास मानून चार पक्षांचा, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून भाद्रपदी पौर्णिमेपर्यंतचा, चातुर्मासही ग्राह्य धरतात.

हे सर्व नियम एकत्र पाहिले असता त्यांच्यातील तत्त्व ध्यानात येते. काय खावे, कोठे निजावे, केव्हा थांबावे आणि केव्हा निघावे, हे चारही निर्णय प्रवाशाच्या हातून काढून घेतलेले आहेत. इच्छेप्रमाणे भटकणारा मनुष्य आपली इच्छा बरोबर घेऊन हिंडतो. परिव्राजकाचा प्रवास त्या इच्छेला खतपाणी मिळू नये अशा रीतीने रचलेला असतो. साधना खोल होते ती नव्या स्थळांच्या दर्शनाने नव्हे, तर या रचनेमुळे.

४

१९८१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला देवगड, तर दक्षिण भागात सावंतवाडी व कुडाळ हे तालुके येतात. या दक्षिण भागातून परिव्रज्येची दोन ठळक उदाहरणे पुढे आली.

पहिले सोहिरोबानाथ आंबिये यांचे. बांदे येथे १७१४ मध्ये जन्मलेले सोहिरोबा कुलकर्णीपणाच्या व्यवसायातले गृहस्थ होते. इन्सुलीच्या रानात त्यांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला असे परंपरा मानते. वयाच्या साठीच्या सुमारास त्यांनी देशत्याग केला व ते उत्तरेकडे, माळव्याच्या बाजूस गेले. ‘सिद्धान्तसंहिता’, ‘महदनुभवेश्वरी’ आदी त्यांचे ग्रंथ मराठीत आहेत. त्यांच्या जीवनाचा शेवट उज्जैनीस झाला असे सांप्रदायिक मानतात. कोकणात ते परतले नाहीत.

दुसरे उदाहरण वासुदेवानंद सरस्वती, अर्थात टेंबेस्वामी यांचे. माणगाव येथे १८५४ मध्ये त्यांचा जन्म झाला. १८८३ मध्ये त्यांनी गावात दत्तमंदिर उभारले आणि पुढे १८८९ मध्ये ते मंदिर व गाव सोडले. १८९१ मध्ये संन्यास घेऊन त्यांनी उज्जैन येथे दंडग्रहण केले. तेव्हापासून १९१४ मध्ये नर्मदातीरी गरुडेश्वर येथे देह ठेवीपर्यंत त्यांचे भ्रमण पायी चालले. उत्तरेस गंगाकाठचे ब्रह्मावर्त, पश्चिमेस द्वारका, दक्षिणेस तंजावर आणि कृष्णेतील कुरवपूर अशा दूरदूरच्या ठिकाणी त्यांचे चातुर्मास झाले.

१८९१ ते १९१३ या काळात तेवीस चातुर्मास झाले. या चातुर्मासांची यादी ही त्यांच्या भ्रमणाची सर्वांत विश्वसनीय चौकट आहे; चालण्याचे महिने धूसर राहिले तरी थांबण्याचे महिने स्थळकाळासह ज्ञात आहेत. शिवाय संस्कृत व मराठीतील त्यांची विपुल ग्रंथरचना, शिष्यांना दिलेला उपदेश आणि स्थानिक उपासनेला लावलेली शिस्त यांचा संबंध मुख्यतः या मुक्कामांशी पोहोचतो. ‘करुणात्रिपदी’ची रचना १९०५ च्या नरसोबाच्या वाडीतील वास्तव्यातील आहे. भ्रमणाचे फळ विरामात पदरी पडते, असा हा अनुभव आहे.

५

या विषयाची दुसरी बाजू घरी राहणाऱ्यांची आहे, आणि ती चरित्रग्रंथांत फार थोडी येते. परंपरेला तिची जाणीव नव्हती असे नाही. तीन ऋणे फेडल्यावाचून मोक्षाकडे मन लावू नये, असे मनुस्मृती सांगते. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य निघण्यापूर्वी मैत्रेयी व कात्यायनी यांच्यात आपल्या वित्ताची वाटणी करू पाहतो. स्त्रीपुत्रांची तरतूद न करता प्रव्रज्या घेणाऱ्यास कौटिलीय अर्थशास्त्राने दंड सांगितला आहे. ज्या कृत्यासाठी दंड सांगावा लागतो ते कृत्य समाजात घडत असले पाहिजे, हे अनुमान सहज काढता येते.

देवगडसारख्या किनाऱ्यावर पुरुषाविना चालणारे घर ही अपरिचित गोष्ट नव्हती. विसाव्या शतकात येथील चाकरमानी आगबोटीने मुंबईस जात आणि घर मनीऑर्डरीवर चाले. परंतु चाकरमान्याचे पत्र येई, गणपतीला तो स्वतः येई. परिव्राजकाकडून यांपैकी काहीच यावयाचे नसते. त्यामुळे प्रस्थानाचा खरा भार निघणाऱ्याइतकाच, किंवा त्याहून अधिक, मागे उरणाऱ्यावर पडतो.

टेंबेस्वामींच्या चरित्रात या प्रश्नाने वेगळे रूप घेतले. माणगाव सोडताना त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई बरोबर होत्या. १८९१ मध्ये गोदाकाठी गंगाखेड येथे त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत संन्यासग्रहण झाले. घर सोडून या बाईही निघाल्या होत्या. तथापि त्यांच्या वाटचालीस साधनेचा प्रवास म्हणून स्वतंत्र नाव मिळाले नाही. पतीच्या चरित्रातील एका टप्प्याचा शेवट, एवढीच त्यांच्या मृत्यूची नोंद राहिली.

६

सारांश, परिव्रज्येचे मोजमाप किती दूर गेले यावरून होत नाही. निघण्यापूर्वी काय फेडले, वाटेत कोणते निर्णय सोडून दिले आणि थांबल्यावर काय दिले, या तीन प्रश्नांनी ते होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरच्यांपाशी असते, तिसऱ्याचे चातुर्मासाच्या गावापाशी. संतचरित्रांचा अभ्यास आजवर मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरला आहे. दक्षिण कोकणातील गावांच्या मौखिक परंपरा व कुटुंबांत जपलेली कागदपत्रे यांकडे उरलेल्या दोन प्रश्नांच्या दृष्टीने पाहिले, तर जे परतले नाहीत त्यांच्याबरोबर जे मागे राहिले त्यांचाही इतिहास लिहिता येईल.