तंजावरचा मनोरा आणि उत्तर ध्रुवाचा बर्फ

तंजावर जिल्ह्यात, पाल्क सामुद्रधुनीच्या काठी एक षट्कोनी, आठमजली वास्तू उभी आहे. नाव आपल्या ओळखीचे : मनोरा. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ दुसरे सरफोजीराजे यांनी ती १८१४-१५ च्या सुमारास बांधविली. युरोपातील युद्धाची खूण या किनाऱ्यावर कशासाठी, असे आज वाटते. परंतु १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता आणि लंडनचे बरेवाईट तंजावरलाही भोगावे लागत होते.

असाच दूरचा संबंध आज उत्तर ध्रुवाशी जडला आहे. १९७९ पासून तो प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. सप्टेंबर २०१२ मध्ये समुद्रावरील हिमावरण सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसले; उपग्रहांच्या नोंदीतील हा नीचांक होय. बर्फ हटला की रशियाच्या उत्तरेकडील जलमार्ग उन्हाळ्यात मोकळा होतो, आणि युरोप व पूर्व आशिया यांतील अंतर सुएझमार्गापेक्षा पुष्कळ कमी भरते. साहजिकच या मार्गावर रशिया हक्क गाजवितो आणि चीन त्यात भांडवल गुंतवितो. आर्क्टिक परिषदेच्या आठ सदस्यांपैकी, रशिया वगळता, उरलेले सातही २०२४ पासून ‘नाटो’त आहेत.

भारत २०१३ पासून या परिषदेचा निरीक्षक आहे. ‘हिमाद्री’ हे आपले संशोधन केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये असून त्याची व्यवस्था गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्था पाहते. चेन्नई-व्लादिवोस्तोक सागरी मार्गाचा करार २०१९ मध्ये झाला. त्यामागेही हीच दृष्टी दिसते.

तरंगत्या बर्फाने समुद्र फारसा चढत नाही. तो चढतो ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील जमिनीवरचा बर्फ वितळून, आणि पाणी तापून फुगल्याने. येथे तंजावरचा खरा प्रश्न सुरू होतो. कावेरीचा त्रिभुज प्रदेश सखल आहे. नदीचे गोडे पाणी कमी पडले की भरतीचे खारे पाणी नदीमुखांतून आणि भूगर्भातून आत सरकते. ते मागे रेटण्यासाठी गोडे पाणीच लागते, आणि त्याची वाटणी तर पूर्वीपासूनच वादाची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने तमिळनाडूस दरवर्षी १७७.२५ अब्ज घनफूट पाणी द्यावे, असे ठरविले. कुरुवै भातासाठी मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडण्याचा प्रघात आहे. धरणात साठा नसेल तर ती तारीख हुकते, पेरणी लांबते, आणि पीककर्ज घेतलेला शेतकरी आकाशाकडे पाहत बसतो.