अग्निशमन दलाचे वर्ष मोजायचे कसे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बहुतेक खात्यांचे वर्ष ३१ मार्चला संपते. अग्निशमन दलाचा हिशेब मात्र १४ एप्रिलला मांडावा असे मला वाटते. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके. जवान पाणी मारत राहिले. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. मानवंदना होते, प्रात्यक्षिके होतात आणि वर्षभरात दलात काय नवे आले, हेही लोकांना पाहायला मिळते.

टाळ्या अर्थातच नव्या गाड्यांना आणि शिड्यांना मिळतात. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे. पण लोअर परळचा ‘वर्ल्ड वन’ मनोरा २८० मीटर उंच आहे! शिवाय असे अवजड वाहन पाय पसरून घट्ट उभे राहायला मोकळी, सपाट जागा लागते. गिरगावच्या गल्लीत ती आणायची कुठून? उंच इमारतीतली आग विझते ती मुख्यतः इमारतीच्याच पाइपांनी, पंपाने आणि छतातल्या फवाऱ्यांनी.

मग प्रगती मोजायची कशात? आधी मिनिटांत. आजच्या घरात फोमच्या गाद्या, पडदे, प्लास्टिकचे सामान. अशा खोलीत ठिणगी पडल्यापासून काही मिनिटांतच संपूर्ण खोली एकदम पेट घेऊ शकते. ‘वर्दी’ मिळताच बंब बाहेर पडतो, हे खरे. पण वर्दी मिळते कधी? घरची माणसे आधी स्वतः बादल्या ओततात, मग शेजाऱ्यांना हाका मारतात, त्यानंतर कोणाला तरी १०१ आठवतो. पत्ता सांगताना खुणेचे दुकान सांगायचे राहते. पुढे वाहतूक आणि अगदी शेवटी, दारातल्या शंभर पावलांवर, दुतर्फा लावलेल्या मोटारी. मुंबईत छोटी अग्निशमन केंद्रे उघडली गेली ती अंतर कमी करण्यासाठी. मोटारी मात्र दलाला उचलून नेता येत नाहीत.

दुसरे माप विचित्र आहे: न लागलेल्या आगी. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले, मुख्यतः धुराने गुदमरून. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले होते. तिथे लांब शिडीचा काय उपयोग? मोकळी वाट आणि गच्चीवर न पेटणारे छप्पर, एवढे असते तर बरेच टळले असते. त्यानंतर २०१८ मध्ये दलात तपासणीसाठी खास कक्ष नेमण्यात आले. हे काम रूक्ष आहे. तपासणी होऊन न पेटलेल्या उपाहारगृहाची बातमी कोणी छापत नाही.

तिसरे माप मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: गेलेले जवान परत आले का? ९ मे २०१५ रोजी काळबादेवीत जुन्या लाकडी सांगाड्याची इमारत आगीत कोसळली. तत्कालीन प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा या दुर्घटनेत बळी गेला. तुळई आतून किती जळली आहे, हे बाहेरून कळत नाही. सगळे रहिवासी सुखरूप निघाले असतील, तर ‘आता आत जाऊ नका’ असा हुकूम देणारा अधिकारी भित्रा नसतो. रस्त्यावरची गर्दी कितीही ओरडो, मी तर हीही प्रगतीच मानतो.

राहता राहिला आपला वाटा. आग प्रतिबंधक उपाययोजनांसाठी महाराष्ट्रात २००६ चा कायदा आहे. त्यानुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करायचा असतो. आपल्या सोसायटीत तो गेल्या वेळी गेला का, हे सेक्रेटरींना विचारा. पंप चालू करून दाखवा म्हणा. आणि जिन्यातली ती लाल पेटी एकदा स्वतः उघडा. आत नळी आहे की झाडू, ते कळेल.